तिजेचा गहू

कौतुक करणं हा माझा स्वभाव नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली अकरा नेरजवळच्या एका तांड्यावर, आणि वहीवर ‘छान’ असा शेरा लिहिताना माझा हात नेहमी जड व्हायचा. माझे विद्यार्थी अजून म्हणतात, विमल मॅडमनं मारलं कमी, टोचलं फार. खोटं नाही ते. तेव्हा रंजिता आडे या बाईबद्दल मी जे लिहिते आहे, ते तोंडदेखलं आहे असं कोणी समजू नये.

रंजिता माझी भाडेकरू. नेरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझ्या घराला लागून एक गाळा आहे. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं, आता तिचं कॅफे आहे. चार टेबलं, पोपटी भिंत, काचेच्या कपाटात केक, नानकटाई आणि खारी. अमरावतीची गाडी चुकलेली माणसं तिथे बसतात आणि पुढची गाडी आपणहून चुकवतात. दीड वर्ष झालं याला. हे कॅफे एका सोमवारी उघडलं. ना फीत, ना नारळ, ना पाहुणे. खरं म्हणजे आदल्या दिवशी, रविवारी, वाजतगाजत उद्घाटन ठरलं होतं आणि फीत मी कापणार होते. त्यासाठी मी नवी साडी घेतली होती, हेही सांगून टाकते. ती फीत का कापली गेली नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रंजिताचा नवरा बादल माझा विद्यार्थी. वर्गात शेवटच्या ओळीत बसायचा आणि शरीर तेवढं वर्गात असायचं. आता नेर ते यवतमाळ मॅजिक गाडीतून प्रवासी नेतो. ही बंजारा मंडळी. यांचे पणजोबा-खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. आता तांड्यात पक्की घरं आणि घरापुढे शेतं आहेत. घरात गोरबोली, बाहेर आपली वऱ्हाडी. आईला ‘याडी’ म्हणतात. अकरा वर्षांत मला ती बोली बोलता आली नाही, पण समजते सगळी.

रंजिता पुसदकडची, बारावी झालेली. लेक खुशी एक वर्षाची झाली तेव्हा तिनं फोनवर बघून कुकरमध्ये पहिला केक केला. मधोमध खड्डा पडला. सासूनं, म्हणजे मानीबाईनं, तो खड्डा श्रीखंडानं भरला आणि तांड्यातल्या पोरांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. तिथून सुरुवात. मग छोटा ओव्हन आला, मग ऑर्डरी आल्या. नेरमधल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस आणि बहुतेक मास्तरांचे निरोपसमारंभ तिच्या केकवर पार पडले आहेत. केक पोचवायचं काम बादलचं. त्यापायी तो गाडी इतकी हळुवार चालवायला शिकला की केक असलेल्या दिवशी म्हातारी माणसं त्याचीच मॅजिक धरून बसायची. मी त्याला शाळेत जे शिकवू शकले नाही, ते क्रीमच्या फुलांनी शिकवलं.

पण लोकांचे आनंदाचे दिवस आणि या घराच्या सुट्ट्या यांचं कायमचं वैर होतं. होळीला तांडा नाचत असायचा आणि ही ओव्हनपुढे. दिवाळीत नानकटाईचे डबे. रामनवमीला सगळं घर पोहरादेवीला गेलं, तर दर्शनाच्या रांगेत ही फोनवर कुणाला तरी विचारत होती, नाव ‘राजदीप’ लिहायचं की ‘राजदीप दादा’. एकदा उन्हाळ्यात चिखलदऱ्याला दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच परतले, कारण कुणाच्या तरी साखरपुड्याचा तीन मजली केक होता. खुशीला मी विचारलं, काय पाहिलंस चिखलदऱ्यात? म्हणाली, “धुकं, अन् गाडीची मागची सीट.” अकरा वर्षांची पोर, पण बोलणं माझ्याकडून शिकल्यासारखं.

म्हणून त्या वर्षी रंजितानं लेकीला वचन दिलं. खुशीची पहिली तीज होती.

तीज म्हणजे काय ते सांगते. श्रावणात तांड्यातल्या बिनलग्नाच्या मुली दुरड्यांत पळसाची पानं घालतात, त्यावर काळी माती आणि खत, आणि आपापल्या घरचा गहू पेरतात. सगळ्या दुरड्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणातल्या मांडवात राहतात. नऊ दिवस मुली गाणी म्हणत पाणी घालतात आणि त्या तांड्यात तरी नऊ दिवस अळणी जेवतात, मिठाचा कणही नाही. नवव्या दिवशी उगवलेला गहू खुडायचा, एकमेकांना द्यायचा, दुरड्या नाल्याच्या पाण्यात शिरवायच्या. तीज जाताना पोरी गळ्यात पडून रडतात, सासरी निघाल्यासारख्या. पेरायची कधी आणि तोडायची कधी, ते नायक सांगतो. तिथे कॅलेंडर चालत नाही.

“पहिल्या तिजेले नऊ दिवस मी कुठी जाणार नाई,” रंजितानं खुशीला सांगितलं होतं. “एकबी ऑर्डर घेणार नाई.” नायक पूनमसिंगनं बुधवारी पेरायचं ठरवलं, म्हणजे पुढच्या आठवड्यात गुरुवारी तीज संपणार. कॅफेचं उद्घाटन त्यानंतरच्या रविवारी. मध्ये दोन दिवस मोकळे. हिशेब चोख होता. पत्रिका वाटून झाल्या, व्यापारी मंडळाच्या अध्यक्षापासून कापूसबाजारातल्या अडत्यांपर्यंत साठ माणसं बोलावली. रंजितानं ऑर्डरी खरंच बंद केल्या. पण गाळ्याचं काम कुठे बंद होतं? सुतार, रंगारी, विजेचा माणूस, दिवसभर फोन.

पेरणीच्या दिवशी मी तांड्यावर गेले होते. तिजेला मी कधी चुकवत नाही. रंजिता फोन कान आणि खांदा यांच्यात धरून कुणाला तरी सांगत होती की पंखा टेबलाच्या वर पाहिजे, दाराच्या वर नाही. आणि तसंच बोलत बोलत तिनं फळीवरच्या डब्यातून दोन ओंजळी गहू काढून खुशीच्या पदरात घातला. मीही पाहत होते, मलाही काही खटकलं नाही.

शुक्रवारी मांडवातल्या तेरा दुरड्यांत पांढरे कोंब दिसले. चौदावीत नाही. शनिवारी सकाळी तेरा हिरव्या झाल्या आणि खुशीची दुरडी कोरडी ठणठणीत, नुसती काळी माती. मी पोचले तेव्हा पोरींचा घोळका एका बाजूला आणि खुशी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होऊन गेली होती.

“हिनं मीठ खाल्लं,” एक मोठी मुलगी म्हणाली. “हिच्या घरी खाऱ्या बिस्किटाचे डबेच डबे.”

आता हे तर्काला धरूनच होतं, म्हणून जास्त वाईट. तीज उगवली नाही तर पोरीचा नेम मोडला, असं तिथे मानतात. बायका कुजबुजू लागल्या. खुशी माझ्याजवळ आली. मला म्हणाली, “मॅडम, मी मीठ नाई खाल्लं. फक्त क्रीमचा चमचा चाटला. क्रीममधी मीठ राह्यते काय?”

त्या पोरीला खरंच वाटत होतं की तिनंच आपली तीज मारली. आयुष्यात हजारो पोरांना मी रडताना पाहिलं, बऱ्याच जणांना मीच रडवलं, पण या पोरीचे डोळे मी माझ्या पदरानं पुसले.

रंजिता धावत आली. आधी लेकीला जवळ घेतलं, मग दुरडीत बोट घालून दोन दाणे काढले. नखानं दाबले. दाणे फुगलेले होते, पण आतून मेलेले. तिचा चेहरा उतरला.

तिथल्या तिथे मला हळूच म्हणाली, “मॅडम, हा गहू म्या भट्टीत तापवला होता.”

गव्हाला सोंडे लागले होते. कॅफेसाठी गव्हाची बिस्किटं करायची म्हणून तिनं तो गहू ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये तापवला, किडे मेले, आणि गहू तिनं फळीवरच्या त्या डब्यात भरून ठेवला. किड्यांबरोबर दाण्यातला जीवही गेला, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पेरायचा गहू शेजारच्या पोत्यात होता. फोनच्या नादात हात डब्याकडे गेला.

शेजारची पुष्पा आमच्या जवळच उभी होती. ती चतुर बाई. तिनं रंजिताला बाजूला ओढलं. “कोणाले कायले सांगतं वो? जेवणाच्या टायमाले मांडवात कोणी नसते. माह्या घरचे भिजवलेले दाणे आणतो, कोंब आलेले हायेत. मातीत खुपसून दे. संध्याकाळी उगवली म्हणून सांगू.”

खरं सांगते, मला ती युक्ती पटली. रविवारचं उद्घाटन डोळ्यांपुढे होतं आणि बात इथेच मिटली असती. मी रंजिताकडे अशा नजरेनं पाहिलं की, ऐक हिचं.

“अन् खुशीवरचा डाग?” रंजिता म्हणाली. “ते पोट्टी जनमभर समजन का तिच्याच चमच्यानं झालं.”

आणि ती सरळ मांडवात गेली. पूनमसिंग नायक खाटेवर बसले होते, सत्तरीचे, पांढरं पागोटं, फार कमी बोलणारे. रंजितानं पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या बायकांच्या, पोरींच्या, आपल्या सासूच्या समोर उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही, रडली नाही. दुरडीतले दाणे तळहातावर धरून सांगितलं.

“पोरीनं मीठ नाई खाल्लं, नायक. दोष माहा हाये. किडे मरावे म्हणून म्या गहू भट्टीत भाजला, अन् तोच फोनवर बोलता बोलता तिजेले देल्ला. जे दंड द्याल ते मले द्या.”

मागून एक म्हातारी म्हणालीच, “भट्टीनं घर खाल्लं म्हणा हे.” मानीबाईनं मान खाली घातली. रंजिता तशीच उभी. मी चौतीस वर्षं फळ्यापुढे उभी होते. फळ्यावर चुकीचं गणित लिहिलं गेलं तर मी पुसायची आणि म्हणायची, बघत होते कोण लक्ष देतं ते. चारचौघांत, आपल्याच माणसांपुढे, ‘दोष माझा’ एवढे दोन शब्द मला कधी जमले नाहीत. खोटं कशाला सांगू, मला त्या बाईपुढे लहान वाटलं.

पूनमसिंगांनी ते दाणे बोटानं चिवडले. मग म्हणाले, “दंड कायचा? आजच नव्यानं पेर. पण पेरलेल्या तिजेले नऊ दिवस पाहिजेत. अन् एकीची कच्ची ठेवून बाकीच्याईची तोडता येत नाई. सगळ्याईची तीज तीन दिवस पुढं. रविवारी तोडू.”

पोरींच्या घोळक्यातून “अय्योऽऽ” निघालं. आणखी तीन दिवस अळणी! मघाची ती मोठी मुलगी मात्र पुढे आली आणि खुशीची दुरडी रिकामी करायला बसली. बाकीच्या तिच्या मागोमाग.

“रविवारी कोणाले अडचण?” नायकांनी विचारलं.

मी रंजिताकडे पाहिलं. साठ पत्रिका. माझी साडी. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “नाई, नायक.”

इथे माझं डोकं फिरलं. मला घरी सोडायला ती बरोबर आली, तेव्हा बादलच्या गाडीत मी तिला धारेवर धरलं. म्हटलं, सांगायचं होतं त्यांना. माणसं बोलावली आहेत, लोक हसतील. मग मीच तोडगा काढला: सकाळी दहाला फीत, अकराला चहा-केक, दोनच्या आत तांड्यावर. तीज तर संध्याकाळी तोडतात. दोन्ही होईल, पळापळ होईल इतकंच.

रंजिता खिडकीबाहेर बघत होती. “मॅडम, तुमचा हिशेब बराबर हाये,” ती म्हणाली. “दहा वर्षं मी हाच हिशेब करून राह्यली. सकाळी हे, दुपारी ते. दोन्हीकडं पोचतो, पण दोन्हीकडं अर्धीच. पेरणीच्या दिवशीबी अर्धीच होती, म्हणून तर हात डब्यात गेला. आता हे नऊ दिवस मी एकाच जागी राहीन. कॅफे कुठी पळून नाई जात.”

मला ते पटलं नाही. राग आला. दोन दिवस मी तिचा फोन उचलला नाही.

त्या दोन दिवसांत तिनं साठ माणसांना स्वतः फोन केले. निरोप पाठवला नाही, मोबाइलवर चिठ्ठी टाकली नाही. प्रत्येकाला खरं कारण सांगितलं: लेकीची तीज पुढे गेली, चूक माझी, उद्घाटन होणार नाही, सोमवारपासून कधीही या. मंडळाचे अध्यक्ष चिडले, दोन अडत्ये हसले. किसनराव म्हणून एक वयस्क शेतकरी आहेत, ते मला रस्त्यात थांबवून म्हणाले, “ते बाई बेकरीवाली, तिनं मले माफी मागाले फोन केला. आमच्या पोराईनं बापाले कधी केला नाई.” ते ऐकून माझा राग उतरला, पण मी तसं दाखवलं नाही. मीही काही साधी नाही.

मग रोज संध्याकाळी मी तांड्यावर जाऊ लागले. रंजिताचा फोन घरातल्या खुंटीवर पिशवीत घालून ठेवलेला. गाळ्यात रंगारी काय करतो आहे ते बादल बघत होता, आणि एक भिंत त्यानं चुकीच्या रंगाची करून घेतली, तीच ती पोपटी. रंजिता मांडवाच्या कडेला बसून असायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दहा वर्षांत मी या बाईला रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं. हातांना सवय नव्हती, सारखी पदराच्या टोकाला पीळ घालायची. नव्या दुरडीत तिसऱ्या दिवशी कोंब आले तेव्हा ती उठून आत गेली आणि तोंड धुऊन आली.

पण खुशी तिच्याशी बोलत नव्हती. गहू याडीनं भाजला हे कळलं त्या घटकेपासून बंद. ओरडली नाही, भांडली नाही. फक्त तिला काही हवं असलं की मानीबाईला सांगायची. पाणी घालायला आईच्या शेजारून जायची, आणि आई नाहीच अशी जायची. रंजितानं एकदाही मनवायचा प्रयत्न केला नाही. मी म्हटलं, काहीतरी गोड करून दे तिला, अळणी गोड चालतं ना? ती म्हणाली, “केकनं मनवली तं पुन्हा केकच जिंकते, मॅडम.” नऊ दिवस ती त्या अबोल्यासमोर बसून राहिली. आपली चूक आपल्यासमोर रोज तीन वेळा पाणी घालायला येते आणि आपण तिथून हलत नाही, हे किती अवघड असेल, ते मला आठव्या दिवशी कळलं. माझा स्वतःचा मुलगा पुण्याला आहे. आमचं दोन वर्षं धड बोलणं नाही. मी कधी एक तासही तशी बसले नाही.

रविवारी मी नवी साडी नेसून तांड्यावर गेले. ढोल वाजत होता. तेरा दुरड्यांतला गहू बारा दिवसांचा होऊन लांब, पिवळा आणि आडवा झाला होता. पोरींनी त्याला दोऱ्यानं बांधून उभा धरलेला. खुशीचा नऊ दिवसांचा, वीतभर, सरळ. नाल्यावर पूनमसिंगांनी पहिली काडी खुडली आणि मग सगळीकडे खुडाखुड सुरू झाली. मुली मोठ्यांच्या पागोट्यात, बायकांच्या केसांत हिरवे तुरे खोचत होत्या. खुशीनं नायकांना दिला, आजीला दिला, बादलच्या कानामागे खोचला, माझ्याही अंबाड्यात खोचला. रंजिता चार पावलं मागे उभी होती. ती पुढे आली नाही.

दुरड्या पाण्यात गेल्या आणि रडणं सुरू झालं. त्या रडण्याची रीत आहे, सूर आहे, पण बघता बघता ते खरं होतं. पोरी एकमेकींच्या गळ्यात, मग आपापल्या याडीच्या. खुशी एकटी पाण्याच्या काठाला उभी होती, हात मातीनं भरलेले. मला वाटलं, ही आता आजीकडे जाणार.

ती वळली, चार पावलं चालत आली आणि आईच्या पोटात डोकं खुपसून इतक्या मोठ्यानं रडली की ढोलवाला थांबला. रंजिता खाली बसली. तिनं लेकीला दोन्ही हातांनी धरलं आणि तीही रडली, सूर नाही, रीत नाही, नुसती. बराच वेळ.

मग हुंदक्यांच्या मधूनच खुशी आईच्या खांद्यात काहीतरी बोलली. बोलली गोरबोलीत, मी मराठीत सांगते.

“याडी, पुढच्या वर्षी गहू मी काढीन. तू नुसती जवळ बस.”

“हो,” रंजिता म्हणाली. “बसीन.”